'दयामरणा'चा कायदा आणि दयाहीन व्यवस्था

हरियाणा सरकारच्या आरोग्य खात्याचे मुख्यालय पंचकुला शहरात, सेक्टर 6 मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी 'सन्मानाने मरण्याचा अधिकार' मान्य केला आणि 24 जानेवारी 2023 रोजी त्याची कार्यपद्धती सुलभ केली. त्यानुसार असाध्य रुग्णाचे कृत्रिम उपचार थांबवायचे झाल्यास रुग्णालयातील एका वैद्यकीय मंडळाचे मत पुरेसे नाही. जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर ज्यात असेल असे दुसरे मंडळही लागते. म्हणजे मरणाच्या निर्णयावर शिक्कामोर्तब करण्यासाठी सरकारने डॉक्टर पुरवावा, अशी व्यवस्था पंचकुला असो वा पुणे, प्रत्येक जिल्ह्यासाठी ठरून गेली. त्याच रुग्णाची वेदना शमवण्यासाठी, त्याची कूस बदलण्यासाठी, त्याच्या थकलेल्या आईला रात्रीची दोन तास झोप मिळावी म्हणून सरकारने एक परिचारिका पुरवावी, अशी व्यवस्था मात्र देशभर ठरून गेलेली नाही. 'दयामरणा'च्या संपूर्ण वादाचे मर्म या एका विसंगतीत साठवलेले आहे.

वादात दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष उदारमतवादी सुशिक्षितांचा. त्याचे म्हणणे असे की माणसाचे शरीर त्याच्या स्वतःच्या मालकीचे आहे. म्हणून केवळ उपचार थांबवण्याचीच नव्हे, तर डॉक्टरच्या हातून मृत्यू घेण्याचीही मुभा कायद्याने द्यावी. दुसरा पक्ष धर्ममार्तंडांचा. त्याच्या मते जीवन हे ईश्वराचे देणे आहे आणि यातना हा पूर्वकर्माचा भोग आहे. तो निमूटपणे भोगला पाहिजे. हे दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडतात, परंतु एका बाबतीत त्यांचे पूर्ण एकमत आहे. खाटेवरच्या माणसाचा खर्च कोण उचलतो, त्याचे अंग कोण पुसते, त्याच्या औषधांपायी कोणाचे घर गहाण पडते, हा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत. कामगारवर्गाने आपल्या विचाराची सुरुवात नेमकी याच प्रश्नापासून केली पाहिजे.

अकरा वर्षांनंतर आलेली 'दया'

पंचकुला शहराला लागूनच असलेल्या चंडीगडमधील एक प्रकरण सर्व देशाच्या वृत्तपत्रांतून गाजले. पंजाब विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकणारा एक तरुण ऑगस्ट 2013 मध्ये राहत्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून खाली पडला. मेंदूला जबर इजा झाली, हातपाय कायमचे निकामी झाले, शुद्ध परत आली नाही. नळीवाटे अन्न देऊन त्याला जगवण्यात आले. वृद्धत्वाकडे झुकलेल्या मातापित्यांनी वर्षानुवर्षे त्याची शुश्रूषा केली. त्यापायी राहते घरही विकले. अखेर त्यांनीच दिल्लीच्या उच्च न्यायालयात जाऊन मुलाच्या सुटकेची विनंती केली. रुग्ण कोणत्याही यंत्रावर अवलंबून नसल्याचे सांगून न्यायालयाने जुलै 2024 मध्ये ती फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये तेथे सरकारच्या वतीने सांगण्यात आले की रुग्णाला घरीच डॉक्टर, परिचारिका, व्यायामोपचार आणि मोफत औषधे पुरवली जातील.

पुढे हे कुटुंब पुन्हा न्यायालयासमोर आले आणि न्यायालयाने वैद्यकीय मंडळे नेमली. त्या निवाड्याची कायदेशीर मीमांसा वकीलवर्गाने अवश्य करावी. श्रमजीवी जनतेने विचारायचा प्रश्न निराळा आहे. जी परिचारिका आणि जी औषधे 2024 साली एका आदेशासरशी देणे शक्य झाले, ती 2013 साली का देता आली नाहीत? मध्यंतरीच्या अकरा वर्षांत शासनसंस्था कोठे होती? मुलाच्या मृत्यूची याचना करीत सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढेपर्यंत ज्या मातापित्यांना साधी मदत मिळत नाही, त्यांच्या याचनेला 'मुक्त इच्छा' म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

अर्ज मरणाचा, मागणी जगण्याची

'इच्छामरण' हा शब्द मराठी माणसाला भीष्माच्या कथेतून परिचित आहे. ते वरदान राजपुत्राला मिळाले होते. आजच्या महाराष्ट्रात हा शब्द वेगळ्याच माणसांच्या तोंडी आला आहे. धरणासाठी जमीन गेली आणि मोबदला मिळाला नाही असे प्रकल्पग्रस्त, कर्जात बुडालेले शेतकरी, वर्षानुवर्षे पगार थकलेले कर्मचारी जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत 'इच्छामरणाची परवानगी द्यावी' असा अर्ज देतात. त्या अर्जाचा अर्थ गावातील शेंबडे पोरही सांगू शकेल. अर्जदाराला मरण नको असते. त्याला मोबदला हवा असतो, कर्जमुक्ती हवी असते, पगार हवा असतो. जगण्याचे सगळे अर्ज कचेरीच्या कपाटात धूळ खात पडले, म्हणून तो मरणाचा अर्ज लिहितो.

मुंबई उच्च न्यायालयाचा 1986 सालचा प्रसिद्ध निवाडा या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. अपघातानंतर मनोविकाराने ग्रासलेला एक पोलीस शिपाई पत्नीला भाजीचे दुकान चालवता यावे म्हणून मुंबई महापालिकेचे उंबरे झिजवीत होता. तेथे दाद लागेना, तेव्हा त्याने महापालिकेच्या दारातच जीव देण्याचा प्रयत्न केला आणि आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल त्याच्यावर खटला भरण्यात आला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने दंडसंहितेचे 309 वे कलम घटनाबाह्य ठरवले. दुःखी माणसाला आणखी तुरुंगात टाकू नये, हा त्या निवाड्यामागील विचार मानवतेचा होता आणि तो योग्यच होता. परंतु व्यवस्थेचा न्याय पाहा! माणसाने मागितला भाजीच्या दुकानाचा परवाना. त्याच्या नावावर जमा झाली ती 'न जगण्याच्या हक्का'ची चर्चा.

या चर्चेला संघटित रूपही मुंबईतच मिळाले. मिनू मसानी यांनी 1981 साली 'सन्मानाने मरण्याच्या हक्का'साठी संस्था स्थापन केली, आणि 1985 साली महाराष्ट्र विधान परिषदेत प्रा. वर्दे यांनी कृत्रिम साधनांनी जगवले जाण्यास नकार देणाऱ्यांना संरक्षण देणारे विधेयक मांडले. या मंडळींच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु मसानी हे स्वतंत्र पक्षाचे नेते. सरकारने व्यक्तीच्या व्यवहारात हात घालू नये, हे त्या पक्षाचे ब्रीद. जगण्याच्या साधनांची जबाबदारी समाजाने घ्यावी म्हटले की ज्यांना स्वातंत्र्याचा संकोच झाल्यासारखे वाटते, त्यांना मरणाच्या दाराशी मात्र कायद्याचा आधार हवासा वाटतो. 1982 च्या जानेवारीत त्याच मुंबईत अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांपैकी किती घरे उद्ध्वस्त झाली हे गिरणगावाने पाहिले आहे. त्या घरांतील 'सन्मानाने जगण्याच्या हक्का'साठी कोणत्याही उद्योगपतीने संस्था काढली नाही.

2017 च्या अखेरीस दक्षिण मुंबईतील एका अपत्यहीन वृद्ध दांपत्याने राष्ट्रपतींकडे एकत्र मरणाची परवानगी मागितली. दोघांनाही असाध्य रोग नव्हता. भय होते ते पुढे अंथरुण धरल्यावर दुसऱ्यांवर भार होण्याचे. ज्या देशात वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनातील केंद्र सरकारचा वाटा वर्षानुवर्षे दरमहा 200 रुपयांवर गोठवला गेला आणि भविष्यनिर्वाह निधीच्या किमान निवृत्तिवेतनाची मजल 2014 साली 1,000 रुपयांपर्यंत गेली, त्या देशात म्हाताऱ्यांना भविष्याची भीती वाटावी यात नवल ते काय?

हा हक्क कोणाच्या कामी आला?

'मरण्याचा हक्क' घटनेत आहे की नाही, याचा निकाल पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 21 मार्च 1996 रोजी ग्यान कौर खटल्यात दिला. कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल मोठ्या आदराने उद्धृत केला जातो; परंतु तो खटला कोणी आणला होता, हे फारसे कोणी सांगत नाही. तो अपीलकर्त्यांच्या रूपाने एका मरणोन्मुख रुग्णाने आणला नव्हता. पंजाबमधील एका घरात सुनेने जीव दिला. तिला आत्महत्येस प्रवृत्त केल्याबद्दल सासू आणि सासरा यांना शिक्षा झाली. पंचकुला शहरापासून हाकेच्या अंतरावरील चंडीगडच्या उच्च न्यायालयाने ती दोषसिद्धी कायम ठेवली. तेव्हा सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या वतीने युक्तिवाद झाला तो असा: 1994 च्या निकालाने मरणे हा जर मूलभूत हक्क ठरला असेल, तर एखाद्याला तो हक्क बजावण्यास साह्य करणे हा गुन्हा कसा?

न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला, हे श्रेयस्करच. परंतु युक्तिवाद कोणाच्या मुखातून आला याची नोंद कामगारवर्गाने, विशेषतः श्रमिक स्त्रियांच्या चळवळीने, करून ठेवली पाहिजे. विषम समाजात 'मरण्याचा हक्क' हा मरणाऱ्याच्या हातातले साधन राहत नाही. तो मरणाकडे ढकलणाऱ्याच्या हातातली ढाल होतो.

'स्वेच्छा' या शब्दाला या देशात मोठा इतिहास आहे. 1829 साली सतीबंदीचा कायदा झाला तेव्हा सनातन्यांचा दावा हाच होता की विधवा स्वेच्छेने चितेवर चढते. 1987 साली राजस्थानात देवराला येथे अठरा वर्षांच्या विधवेला जाळले गेले, तेव्हाही हेच पालुपद आळवले गेले. तामिळनाडूच्या विरुदुनगर परिसरातील 'तलैकूत्तल' नावाची प्रथा 2010 साली वृत्तपत्रांतून उजेडात आली. तेथे अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना घरचेच लोक संपवीत, आणि त्यालाही दया हेच नाव होते. 26 मे 2025 रोजी खुद्द पंचकुला शहरात कर्जाने पिचलेल्या एका कुटुंबातील सात जणांचा मृत्यू झाला. त्यांत आजीआजोबा होते आणि तीन मुलेही होती. त्या मुलांची 'इच्छा' कोणी विचारली होती? संपत्ती, हुंडा, वारसा आणि कर्ज यांनी जखडलेल्या कुटुंबात दुर्बलाची इच्छा बलवानाच्या सोयीने घडवली जाते. दयामरणाचा कायदा मागणाऱ्यांनी या वस्तुस्थितीकडे पाठ फिरवून भागणार नाही.

परळच्या परिचारिकांनी दिलेले उत्तर

या प्रश्नाचे सर्वांत थोर उत्तर एका सार्वजनिक रुग्णालयातील श्रमिक स्त्रियांनी दिले आहे. 27 नोव्हेंबर 1973 रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर तेथील एका सफाई कर्मचाऱ्याने पाशवी हल्ला केला. त्या पुन्हा कधीही सावरल्या नाहीत. 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने त्यांचा अंत झाला, तोवर साडेएकेचाळीस वर्षे परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना आपल्या हातांनी भरवले आणि स्वच्छ ठेवले. हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संप केला होता. 1980 च्या दशकात खाट मोकळी करण्यासाठी अरुणाताईंना हलवण्याचे प्रयत्न झाले. तेही परिचारिकांनीच हाणून पाडले.

लेखिका पिंकी विराणी यांच्या याचिकेवर 7 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्याने देशात प्रथमच उपचार थांबवण्याचा मार्ग तत्त्वतः खुला केला. पण अरुणा शानभाग यांच्याबाबत मात्र त्यांची जवळची माणसे म्हणजे के.ई.एम.चे कर्मचारी होत, असे मानून विनंती नाकारली. याचिकेमागील कळकळ खरी होती. परंतु देशाने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की रक्ताच्या नात्यापेक्षा श्रमाचे नाते मोठे ठरले. हे कोठे घडले? पंचतारांकित रुग्णालयात नव्हे, तर परळच्या गिरणगावात, महापालिकेच्या रुग्णालयात, जेथे खाटेचे भाडे मोजले जात नव्हते. ज्या दिवशी खाटेचे भाडे मोजले जाऊ लागते, त्या दिवशी दयेचेही भाव ठरतात.

थैली ठरवते मरण

खरे पाहता भारतात दयामरण कायद्याची वाट पाहत थांबलेले नाही. ते रोज घडते, आणि त्याचा निर्णय डॉक्टर घेत नाही, रुग्ण घेत नाही, थैली घेते. ज्याच्यापाशी पैसा वा विमा आहे त्याला खाजगी रुग्णालयात, आशा संपल्यावरही, कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवले जाते, कारण यंत्राचे भाडे दिवसावर चढत असते. ज्याच्यापाशी पैसा संपला त्याच्या नातलगांकडून 'आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णास घरी नेत आहोत' असा कागद लिहून घेतला जातो, मग तो बरा होण्याजोगा का असेना. एकाला मरू दिले जात नाही, दुसऱ्याला जगू दिले जात नाही. दोन्ही टोकांना नियम एकच, नफ्याचा.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2021-22 साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी 39.4 टक्के भार कुटुंबांनी थेट आपल्या खिशातून उचलला. त्या वर्षी सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पादनाच्या 1.84 टक्के होता. 2025 पर्यंत तो 2.5 टक्क्यांवर नेण्याचे अभिवचन 2017 च्या आरोग्य धोरणात सरकारनेच दिले होते. पंचकुला जिल्ह्यातील पिंजोरचा एच.एम.टी.चा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने 2016 साली घेतला. कायम नोकरी गेली की तिच्याबरोबर आजारपणातला आधारही जातो. अशा कामगाराला मेंदूचा झटका आला, तर त्याच्यापुढे 'पर्याय' म्हणून मरणाचा अर्ज ठेवणे यात स्वातंत्र्य कोठे आले?

वेदनेचीही तीच कथा. कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतील असह्य कळा मॉर्फिनने आटोक्यात येतात. औषध जुने आहे, स्वस्त आहे, आणि भारत अफूचा मोठा उत्पादक आहे. तरीही 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील जाचक परवान्यांमुळे ते रुग्णालयांतून जवळजवळ नाहीसे झाले. 2014 साली दुरुस्ती होईपर्यंत एकोणतीस वर्षे गेली. वेदनाशमन मिळाल्यावर मरणाची मागणी करणाऱ्यांपैकी किती जण ती मागे घेतात, हे या शुश्रूषेत आयुष्य घालवलेल्या डॉक्टरांना विचारावे. औषध न देता मरण देऊ करणे याला दया म्हणत नाहीत.

इतिहासाचा इशारा

1920 साली जर्मनीत बिंडिंग नावाच्या कायदेपंडिताने आणि होखे नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने 'जगण्यास अपात्र जीवन' ही कल्पना पुस्तकरूपाने मांडली. मनोरुग्णांच्या पोषणावर राष्ट्राचा किती पैसा जातो, याचे हिशेब पुढे शाळेच्या गणिताच्या पुस्तकांत आले. 1939 साली हिटलरने सही केलेल्या हुकमात 'दयामृत्यू' हाच शब्द होता. ऑगस्ट 1941 पर्यंत सत्तर हजारांहून अधिक अपंग आणि मनोरुग्ण विषारी वायूने मारले गेले, आणि तीच यंत्रणा, तेच कर्मचारी पुढे ज्यूंच्या संहारासाठी वापरण्यात आले. आजचे दयामरणवादी फॅसिस्ट आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु माणसाच्या जीवनाची किंमत त्याच्या उत्पादनक्षमतेवर आणि खर्चावर मोजणारी व्यवस्था शिल्लक असेपर्यंत मारण्याचा परवाना तिच्या हाती देणे धोक्याचे आहे.

हा धोका केवळ इतिहासातला नाही. कॅनडाने 2016 साली डॉक्टरी साह्याने मरण कायदेशीर केले, तेव्हा अट होती मृत्यू दृष्टिपथात असण्याची. 2021 साली ती अट सैल झाली आणि मृत्यू जवळ नसलेल्या अपंग व्यक्तींनाही हा मार्ग खुला झाला. तेथील अपंगांच्या संघटनांनीच त्याविरुद्ध आवाज उठवला. घर, मदतनीस आणि पुरेसा भत्ता मिळवणे कठीण आणि मरण मिळवणे सोपे, असे होऊ लागले आहे, हा त्यांचा आक्षेप आहे. सधन देशाची ही स्थिती असेल, तर भारताचे काय होईल?

दोन प्रश्नांची गल्लत नको

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आशा संपलेल्या शरीरावर यंत्रे लादली जाऊ नयेत, उपचार नाकारण्याचा रुग्णाचा हक्क मानला जावा, शुद्धीवर असताना त्याने लिहून ठेवलेल्या इच्छापत्राचा मान राखला जावा, या गोष्टींना विरोध करण्याचे कारण नाही. उलट खाजगी रुग्णालयांच्या लुटीविरुद्ध ते सामान्य माणसाचे संरक्षण आहे. यातना पवित्र आहेत, असे मानणाऱ्या धर्मवाद्यांशी कामगारवर्गाचे काहीही साम्य नाही. विरोध आहे तो डॉक्टरला वा शासनाला प्राण घेण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्याला, आणि तोही जगवण्याची कोणतीही जबाबदारी न स्वीकारता.

मार्क्सचे जावई पॉल लाफार्ग आणि कन्या लॉरा यांनी 1911 साली वार्धक्य येण्यापूर्वी स्वतःच्या हाताने जीवन संपवले, आणि त्यांच्या अंत्यविधीला खुद्द लेनिन बोलले, याची आठवण काही जण करून देतात. ती गोष्ट खरी आहे. परंतु दोन व्यक्तींच्या निर्णयावरून समाजाचा कायदा सिद्ध होत नाही. लेनिन यांनी त्या प्रसंगी लाफार्ग यांच्या कार्याचा गौरव केला. मरणाचे तत्त्वज्ञान सांगितले नाही.

पर्याय हवेत नाही. केरळमध्ये 1993 साली कोझिकोडे येथे वेदनाशमनाच्या कार्याची सुरुवात झाली. स्वयंसेवकांनी ते गावागावांत नेले. 2008 साली तेथील तत्कालीन डाव्या आघाडीच्या सरकारने देशातील पहिले वेदनाशमन धोरण जाहीर करून ही शुश्रूषा सार्वजनिक आरोग्यसेवेला आणि पंचायतींना जोडली. परिचारिका खाटेपाशी जाते. रुग्णाला न्यायालयात जावे लागत नाही. हे करण्यासाठी केरळपाशी सोन्याच्या खाणी नव्हत्या. होती ती संघटित जनता.

हरियाणात हे काम करू शकणारे हात आहेत. 2023 साली तेथील आशा कर्मचाऱ्यांनी दोन महिन्यांहून अधिक काळ संप केला, तो योग्य वेतनासाठी आणि कर्मचारी म्हणून मान्यतेसाठी. ज्या सरकारला घरोघर जाणाऱ्या या स्त्रियांना कर्मचारी म्हणवत नाही, त्याने 'सन्माना'ची भाषा कोणत्या तोंडाने बोलावी?

म्हणून दयामरणाच्या कायद्याची चर्चा जेथे जेथे निघेल, तेथे तेथे पुढील मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत. वेदनाशमन आणि दीर्घकालीन शुश्रूषा हा प्रत्येक नागरिकाचा कायदेशीर हक्क ठरवावा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मॉर्फिन आणि प्रशिक्षित परिचारिका असाव्यात. आशा कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी देऊन हे काम घरापर्यंत न्यावे. खाजगी रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागाच्या दरांवर कायद्याचे नियंत्रण असावे. आरोग्यावरील सरकारी खर्चाचे दिलेले वचन पाळावे. निवृत्तिवेतन जगण्यापुरते करावे.

या मागण्या मान्य झाल्यावर, ज्याला पुरेसे औषध, पुरेशी शुश्रूषा आणि निर्धास्त म्हातारपण लाभले आहे, अशा माणसाने मरणाविषयी काही मागितले, तर समाजाने ते अवश्य ऐकावे. त्याची ती इच्छा खऱ्या अर्थाने त्याची असेल. तोपर्यंत मरणाच्या प्रत्येक अर्जाखाली दडलेला जगण्याचा अर्ज वाचणे, आणि तो मंजूर करवून घेण्यासाठी जनतेला संघटित करणे, हेच कर्तव्य आहे.